वसईचा नम्र धर्मबंधु : संत गोन्सालो गार्सिया

ज्युबिलीचा उत्सव हा हर्षाचा प्रसंग होय. देवालय तोरणांनीं सजतें, घंटा वाजतात, दूरदूरच्या खेड्यांतून आपले बंधुभगिनी मुलांबाळांसह येतात, आणि ज्या परमेश्वरानें आपणांस इतकीं वर्षें सांभाळिलें त्याचे उपकार सर्व मंडळी एका कंठानें गाते. अशा वेळीं ज्यांनीं या धर्मकार्यास हातभार लाविला त्यांचीं नांवें घेतलीं जावीं हें योग्यच आहे. परंतु यांतच एक सूक्ष्म धोका लपलेला असतो. कोणाचें नांव प्रथम आलें, कोणाची खुर्ची पुढें मांडली, कोणाची देणगी मोठी ठरली, ही गणती एकदां मनांत शिरली म्हणजे उत्सव देवाचा राहत नाहीं; तो आपलाच होऊन बसतो. म्हणून या आनंदाच्या दिवसांत, नांदेड व लातूर या भागांतील आपल्या लहानशा ख्रिस्ती समाजापुढें अशा एका पुरुषाचें चरित्र ठेवावें असें वाटतें कीं, ज्यास जन्मभर मानाची पहिली जागा कधीं लाभली नाहीं, आणि तरीही ज्याचें नांव आज पृथ्वीच्या चारही दिशांस वेदीपुढें घेतलें जातें. तो पुरुष परका नव्हे. आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वसई येथें, जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया तो हा होय.

त्याच्या चरित्राकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानीं घेतली पाहिजे. नम्रता हा केवळ मनुष्यानें अंगीं आणावयाचा गुण नव्हे. ती प्रथम देवाच्या ठायीं आहे. जगांतील राजे आपला मोठेपणा सिंहासनावर बसून दाखवितात. आपल्या प्रभूनें तो खालीं उतरून दाखविला. ज्याच्या शब्दानें आकाश व पृथ्वी हीं उत्पन्न झालीं, तो बेथलेहेमच्या गोठ्यांत निजला. नासरेथ गांवीं त्यानें सुताराच्या घरीं सुमारें तीस वर्षें घालविलीं, आणि त्या काळाविषयीं शुभवर्तमानांत अगदींच थोडें लिहिलेलें आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्रीं कमरेस रुमाल गुंडाळून त्यानें शिष्यांचे पाय धुतले. त्या पायांत विश्वासघात करावयास निघालेल्या यहूदाचेही पाय होते, हें आपण पुष्कळदां विसरतों. आजही पवित्र मिस्सेंत तो भाकरीचें साधें रूप धारण करून आपल्या हातीं येतो. तो पित्याचा शब्द असूनही आपल्या पदरचें कांहीं बोलत नसे. पित्यापासून जें ऐकिलें तेंच तो जगास सांगत असे. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं मनांत धरून ठेवावी, कारण गोन्सालोच्या आयुष्यांत ती पुनः आपल्या भेटीस येणार आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या बंदराचें रूप पालटलें. किल्ल्याच्या भिंती उठल्या, जहाजांची ये-जा वाढली, मठ व देवालयें उभीं राहिलीं. संत फ्रान्सिस झेवियर याचे पायही त्या भूमीस लागले. अशा या वसईंत १५५६ किंवा १५५७ सालीं गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज शिपाई होता. आई तिकडचीच, कोंकणच्या मातीतली स्त्री होती. त्या काळीं अशा मुलाची स्थिति मोठी अवघड असे. पोर्तुगीज त्यास पुरता आपला म्हणत नसत, आणि गांवकरीही त्यास पुरता आपला मानीत नसत. दोन घरांच्या मधल्या उंबरठ्यावर उभें राहणें हें त्याच्या जन्माबरोबरच त्याच्या वांट्यास आलें. मनुष्याच्या दृष्टीनें हें उणेपण होतें. परंतु देवाचे हिशेब निराळे असतात. जो उंबरठ्यावर उभा असतो त्यास दोन्हीं घरांतील बोलणें ऐकूं येतें. पुढें दोन राष्ट्रांच्या मध्यें उभें राहून एकाचें बोलणें दुसऱ्यास समजावून सांगण्याचें काम ज्याजकडून करून घ्यावयाचें होतें, त्यास देवानें असें लहानपणींच तयार केलें.

वसईस येशूसंघाच्या फादरांचें विद्यालय होतें. तेथें गोन्सालो लिहावयास, वाचावयास व प्रार्थना करावयास शिकला. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांची त्या मुलावर माया जडली, आणि तो सुमारें पंधरा वर्षांचा असतां, १५७२ च्या सुमारास, त्यांनीं त्यास आपल्याबरोबर जपानास नेलें. त्या दिवसांत असा प्रवास म्हणजे काय होतें याची कल्पना आज आगगाडीनें व विमानानें हिंडणाऱ्यांस येणें कठीण आहे. वाऱ्याची दिशा पाहून जहाज सुटे, वारा फिरला कीं परक्या बंदरांत महिनेच्या महिने खोळंबून बसावें लागे, आणि घरून निघालेला मुलगा पुनः दिसेल अशी खात्री कोणतीही आई बाळगूं शकत नसे. गोन्सालोच्या आईचें नांव आज घरोघरीं कोणास ठाऊक नाहीं. परंतु ज्या स्त्रीनें आपला पोरगा देवाच्या कामासाठीं समुद्रापार जाऊं दिला, तिच्या त्यागाचें स्मरण या ठिकाणीं केल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

जपानांत सत्यधर्माचें बीं संत फ्रान्सिस झेवियर यानें १५४९ सालीं पेरिलें होतें. गोन्सालो तेथें पोहोंचला तेव्हां तें रोप जोमानें वाढत होतें. त्यानें ती अवघड भाषा अशी आत्मसात केली कीं, तेथील लोकांशीं तो त्यांच्यांतलाच एक होऊन बोलूं लागला. सुमारें आठ वर्षें त्यानें येशूसंघाच्या फादरांच्या हाताखालीं धर्मशिक्षकाचें काम केलें. मुलांस प्रार्थना शिकविणें, नव्यानें येणाऱ्यांस प्रश्नोत्तरी समजावून देणें, आजाऱ्याच्या घरीं जाऊन बसणें, फादर येण्यापूर्वीं लोकांची तयारी करून ठेवणें, असें धर्मशिक्षकाचें काम असतें. आपल्या मराठवाड्याच्या खेडोपाडीं अशीच सेवा करणाऱ्यांस लोक मास्तर म्हणत आले. फादर घोड्यावरून किंवा बैलगाडीनें कांहीं महिन्यांनीं येत; मास्तर मात्र रोज तेथेंच असे. त्याच्या कंदिलाच्या उजेडांत आपल्या आजोबाआजींनीं क्रूसाची खूण करावयास शिकून घेतली. संत गोन्सालोची प्रतिमा पाहतांना आपण या मास्तरांची आठवण करावी. कारण तो प्रथम त्यांच्याच पंक्तींतला होता.

गोन्सालोच्या मनांत येशूसंघांत प्रवेश करावा अशी तीव्र इच्छा होती. ज्यांच्या मांडीवर तो वाढला, ज्यांच्या कामांत त्यानें आपलें तारुण्य घातलें, त्यांच्यांतलाच एक व्हावें असें त्यास वाटणें अगदीं साहजिक होतें. परंतु ती इच्छा सफळ झाली नाहीं. त्यास प्रवेश मिळाला नाहीं. असा नकार मनुष्याच्या काळजांत खोल जातो. कोणी अशा वेळीं देवावर रुसतो, कोणी देवळाची पायरी चढावयाचें सोडतो, कोणी उरलेलें आयुष्य तक्रार सांगण्यांत घालवितो. गोन्सालोनें यांतलें कांहींच केलें नाहीं. तो त्या फादरांपासून दूर झाला, पण ख्रिस्तापासून दूर झाला नाहीं.

पोटापाण्यासाठीं त्यानें व्यापार धरला. भाषा येत होती, माणसें ओळखीचीं होतीं, वचनाचा तो सच्चा होता. थोड्याच वर्षांत पूर्वेकडील बंदरांत त्याचा व्यापार भरभराटीस आला. ज्यास एका दारांतून परत पाठविलें होतें त्याजपुढें आतां श्रीमंतीचें दार सताड उघडलें. येथेंच त्याची दुसरी, आणि कदाचित् अधिक कठीण, परीक्षा झाली. कारण अपमान सोसणें एक वेळ जमतें, पण यशांत देवाची हांक ऐकूं येणें फार थोड्यांच्या नशिबीं असतें. त्याच्या व्यापाराच्या फेऱ्या फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरीं होत. तेथें त्यास फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ भेटले. अनवाणी पाय, जाडाभरडा झगा, कमरेस दोरी, हातीं पैसा नाहीं, आणि तोंडावर मात्र आनंद, असें त्यांचें जीवन पाहून त्याचें जुनें स्वप्न पुनः जागें झालें. त्यानें व्यापार सोडला व त्या संघांत प्रवेश केला.

परंतु त्यानें प्रवेश केला तो कोणत्या पदावर, हें पाहण्यासारखें आहे. व्रतस्थांच्या संघांत कांहीं जण याजकपदाची दीक्षा घेतलेले असतात, व कांहीं साधे धर्मबंधु असतात. धर्मबंधु मिस्सा अर्पण करीत नाहीं, त्यास लोक फादर म्हणत नाहींत. स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची शुश्रूषा, भिक्षा मागून आणणें, दाराशीं आलेल्या गरिबास भाकर देणें, हीं कामें बहुधा त्याच्या वांट्यास येतात. अनेक बंदरांत ज्याचा शब्द चाले, तो गोन्सालो असा साधा धर्मबंधु झाला. ज्यानें नोकरांस हुकूम सोडले होते तो आतां हुकूम पाळूं लागला. नासरेथच्या सुताराच्या घरांतील तीं वर्षें ज्यास समजलीं, त्यासच असें करणें शक्य होतें.

इकडे जपानांत वारे फिरले होते. देशाचा सर्वाधिकारी हिदेयोशी यानें १५८७ सालीं धर्मप्रसारकांनीं देश सोडून जावें असा हुकूम काढिला होता. तो कडकपणें अमलांत आला नाहीं, तरी टांगती तलवार डोक्यावर होतीच. पुढें त्यानें मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानें आपलें स्वामित्व मान्य करावें अशी मागणी केली. तेव्हां तंटा मिटविण्यासाठीं १५९३ सालीं गव्हर्नरानें फ्रान्सिस्कन याजक फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानास पाठविलें. त्यांच्याबरोबर जे थोडे व्रतस्थ गेले त्यांत धर्मबंधु गोन्सालो हा होता, कारण त्याच्यावांचून त्या वकिलातीस तोंडच नव्हतें. हिझेन प्रांतांतील नागोया येथें हिदेयोशीची छावणी होती. तेथें त्या सामर्थ्यवान पुरुषापुढें, सरदारांनीं भरलेल्या दरबारांत, वसईचा हा साधा धर्मबंधु उभा राहिला, आणि एका राष्ट्राचें म्हणणें दुसऱ्या राष्ट्रास त्याच्या मुखानें कळलें.

दुभाष्याचें काम वरवर सोपें दिसतें, पण त्यांत मोठें आत्मदमन आहे. दुभाषी दिवसभर बोलतो, आणि त्यांतला एकही शब्द त्याचा स्वतःचा नसतो. समोरच्याच्या तोंडचें कडू बोलणें गोड करून सांगण्याचा मोह होतो. आपल्या पदरचें शहाणपण मध्येंच घालावें असें वाटतें. आणि काम साधलें तर मान वकिलास मिळतो, फसलें तर दोष दुभाष्यावर येतो. जो स्वतःस बाजूस सारूं शकतो तोच खरा दुभाषी होतो. आपण आरंभीं पाहिलें कीं, प्रभु येशू पित्याचा शब्द असूनही पित्याचेंच बोलणें जगास सांगत असे. गोन्सालोनें आपल्या धन्याच्या या गुणाचें अनुकरण आपल्या जिभेनें केलें. नम्रतेची ही बाजू उपदेशांतून क्वचितच ऐकूं येते, म्हणून ती येथें थोडी विस्तारानें सांगितली.

हिदेयोशीनें त्या व्रतस्थांस देशांत राहण्यास परवानगी दिली व राजधानीच्या शहरीं, म्हणजे ज्यास त्या काळीं मियाको म्हणत त्या क्योटो नगरांत, जागाही दिली. तेथें १५९४ सालीं देवदूतांची राणी पवित्र मरिया हिच्या नांवानें त्यांचें देवालय उभें राहिलें. त्याच्या जवळच त्यांनीं महारोग्यांसाठीं रुग्णालयें उघडलीं; एक संत आन्ना हिच्या व दुसरें संत जोसेफ याच्या नांवें होतें. महारोग म्हणजे काय हें आपल्या वडील मंडळीस सांगावयास नको. ज्याच्या अंगावर तो रोग दिसला, त्याचें ताट वेगळें, बिछाना वेगळा, आणि शेवटीं गांवाबाहेरची झोंपडी, अशी रीत आपल्याकडेही होती. जपानांत त्याहून निराळें नव्हतें. अशा टाकलेल्या माणसांस त्या व्रतस्थांनीं घरांत घेतलें, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांस जेवूं घातलें. इतरांहून भाषा अधिक येत असल्यामुळें त्या रोग्यांचें दुःख ऐकून घेण्याचें काम साहजिकच गोन्सालोकडे आलें. ज्या मुखानें हिदेयोशीच्या दरबारांत भाषण केलें, तेंच मुख आतां झिडकारलेल्या माणसाच्या उशाशीं हळू आवाजांत बोलूं लागलें. दरबारांतील कामापेक्षां हें काम लहान आहे असें त्यास वाटलें असेल, असें मानण्यास कांहींही कारण दिसत नाहीं.

येथें एक कटु सत्य झांकून ठेवणें बरें नव्हे. पोप तेरावे ग्रेगरी यांनीं १५८५ सालीं जपानचें धर्मकार्य येशूसंघाकडेच सोंपविलें होतें. त्यामुळें मागाहून आलेल्या फ्रान्सिस्कन मंडळींचें व त्यांचें पटेना. एकाच वेलीच्या दोन फांद्यांत वाद माजला, आणि त्याच्या झळा त्या नवख्या मंडळीस लागल्या. गोन्सालोची स्थिति यांत सर्वांहून नाजूक होती, कारण एका संघानें त्यास लहानाचा मोठा केलें होतें व दुसऱ्यानें त्यास आपलासा केलें होतें. संतांच्या काळींही असे वाद होते, हें वाचून आपण निराश होऊं नये. ते कसे मिटले एवढें मात्र नीट पाहावें.

१५९६ च्या ऑक्टोबर महिन्यांत सान फेलिपे नांवाचें एक मोठें स्पॅनिश जहाज वादळानें मोडून तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यांतील माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनीं जप्त केला. जहाजावरील लोकांच्या अविचारी बोलण्यावरून असा संशय पसरला कीं, आधीं धर्मप्रसारक येतात आणि त्यांच्यामागून सैन्य येतें. हिदेयोशीचा राग भडकला. डिसेंबरांत मठाभोंवतीं पहारे बसले व नांवांची यादी झाली. त्या यादींत मात्थियास नांवाचा मठाचा एक स्वयंपाकी होता. शिपायांनीं त्याच्या नांवानें हांक मारिली तेव्हां तो बाहेर गेलेला होता. शेजारीं राहणारा त्याच नांवाचा दुसरा एक ख्रिस्ती मनुष्य पुढें झाला, व आपलेंही नांव मात्थियास असल्याचें सांगून स्वयंपाक्याच्या जागीं स्वतः उभा राहिला. शिपायांस संख्येशीं काम होतें. त्यांनीं त्यास धरून नेलें. अशा माणसांच्या सोबतींत गोन्सालोचे शेवटचे दिवस गेले.

३ जानेवारी १५९७ रोजीं क्योटो येथें चोवीस बंद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला. मूळ हुकूम नाक व कान दोन्हीं कापावे असा होता; एका अधिकाऱ्याच्या दयेमुळें तो सौम्य झाला. रक्तानें माखलेल्या त्या मंडळीस बैलगाड्यांवर बसवून शहरांतून धिंड काढण्यांत आली. पुढें ओसाका व साकाई येथेंही तसेंच झालें. मग नागासाकीची वाट सुरू झाली. सुमारें आठशें किलोमीटरांचें तें अंतर होतें. लातूराहून मुंबई जितकी दूर आहे त्याहूनही कितीतरी अधिक. दिवस कडक थंडीचे होते, आणि प्रवास बहुतेक पायींच झाला. वाटेंत पेद्रो सुकेजिरो नांवाचा एक जण बंद्यांची सेवा करावयास त्यांच्याबरोबर चालत होता. फ्रान्सिस नांवाचा एक सुतारही क्योटोपासून त्यांच्यामागें आला होता. सेवा करण्यापलीकडे त्यांचा कांहीं अपराध नव्हता. पहारेकऱ्यांनीं त्या दोघांसही पकडलें, आणि चोवीसांचे सव्वीस झाले. पाणी द्यावयास आलेल्या माणसास क्रूस मिळावा, आणि त्यानें तो आनंदानें घ्यावा, याहून सेवेचा मोठा सन्मान कोणता?

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सकाळीं ते नागासाकीस पोहोंचले. निशिझाका टेंकडीवर सव्वीस क्रूस तयार ठेविले होते. परंपरा अशी सांगते कीं, त्या ठिकाणीं प्रथम येऊन पोहोंचला तो गोन्सालो. त्यानें एका क्रूसाकडे जाऊन हा आपला आहे काय असें विचारिलें. तो त्याचा नव्हता. दुसरा दाखविण्यांत आला, तेव्हां त्यानें गुडघे टेकून त्यास मिठी मारिली. येशूसंघांत त्यानें निवडिलेली जागा त्यास मिळाली नव्हती, आणि येथेंही मरण्याचें लांकूड त्याच्या निवडीचें नव्हतें. जो क्रूस दुसऱ्यानें दाखविला तो त्यानें आपला म्हणून स्वीकारिला. आमच्या मतें या संताचें सर्व चरित्र त्या एका कृत्यांत सांठविलेलें आहे.

लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं त्यांस क्रूसांवर जखडण्यांत आलें व क्रूस ओळीनें उभे केले. सहा जण फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघाचे होते, आणि सतरा साधे गृहस्थ होते. त्यांत लुईस नांवाचा बारा वर्षांचा मुलगा व त्याच्याहून थोडे मोठे आंतोनियो व थॉमस हेही होते. देशोदेशींचे ते रक्तसाक्षी होते : वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, आणि एक आमच्या वसईचा. येशूसंघाचा पॉल मिकी यानें क्रूसावरून आपल्या मारेकऱ्यांस क्षमा केली. मुलांनीं स्तोत्र गाइलें. मग भाल्यांनीं त्यांच्या कुशी भेदण्यांत आल्या. गोन्सालो त्या वेळीं सुमारें चाळीस वर्षांचा होता. ज्या दोन संघांत वाद होता त्यांचे पुत्र एकाच ओळींत, एकाच प्रभूसाठीं मरण पावले. जो तंटा पत्रांनीं मिटला नाहीं तो त्या टेंकडीवर कोणास उरला नाहीं.

पोप आठवे अर्बन यांनीं १६२७ सालीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं रोम नगरीं त्या सव्वीसही जणांस संतांच्या मालिकेंत घेतलें. भारतभूमींत जन्मलेल्यांपैकीं हा मान प्रथम मिळाला तो गोन्सालोस, असें आपल्या देशांत मानिलें जातें. जपानांत तर त्या रक्ताचें फळ अद्भुत रीतीनें दिसलें. दोनशें वर्षांहून अधिक काळ तेथें एकही याजक उरला नव्हता, तरी शेतकरी व कोळी यांच्या घरांत प्रार्थना जिवंत राहिली. १८६५ सालीं नागासाकींत त्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नांवानें बांधिलेल्या नव्या देवालयांत अशा गुप्त ख्रिस्ती लोकांनीं येऊन आपली ओळख दिली, तेव्हां सारें जग थक्क झालें. निशिझाका टेंकडीवर १९६२ सालीं त्यांचें स्मारक उभारण्यांत आलें. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ सालीं व पोप फ्रान्सिस २०१९ सालीं त्या ठिकाणीं जाऊन नतमस्तक झाले.

आणि वसई? चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं ती जिंकिली. पुढें त्या वैभवशाली नगराचे अवशेष तेवढे राहिले. किल्ला देणारा सुलतान, तो बांधणारे कप्तान, तेथें कोठ्या घालणारे सावकार, यांचीं नांवें आज कोण घेतो? परंतु त्याच पडक्या किल्ल्यांत दरवर्षीं संत गोन्सालोच्या सणास भाविक जमतात, आणि त्याच्या नांवाच्या विद्यालयांत मुलेंमुली शिकतात. एका शिपायाचा मुलगा, ज्यास मोठें पद मिळालें नाहीं, तोच त्या गांवाचें भूषण ठरला.

प्रिय वाचकहो, आपला हा मराठवाडा समुद्रापासून दूर आहे. येथें जहाजें नाहींत. गोदावरीचें पात्र आहे, मांजरेचें खोरें आहे, काळी जमीन आहे, आणि कधीं पावसाची वाट पाहणारें आकाश आहे. तरी नम्र सेवा काय असते हें शिकावयास आपणांस जपानास जावें लागत नाहीं. नांदेडच्या गुरुद्वारांत मोठमोठे प्रतिष्ठित लोक यात्रेकरूंचे जोडे हातीं घेतात व लंगरांत पंक्ति वाढतात, हें आपण डोळ्यांनीं पाहतों. शेजाऱ्याच्या घरचा हा गुण आपणांसही शोभेल. आणि १९९३ सालीं ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली, अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती, आणि दहा हजारांच्या आसपास माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं, तो दिवस आपल्यांतील अनेकांस आठवतो. मदतीस धांवून आलेल्यांत कॅथलिक संस्थांचीं माणसेंही होतीं. त्या दिवसांत खुर्ची कोणाची पुढें हें कोणीं विचारिलें नाहीं. ढिगारा उपसणें, प्रेत उचलणें, पोरक्या झालेल्या मुलास घोटभर दूध पाजणें, हीच तेव्हां प्रार्थना होती. दुःखाच्या दिवशीं जी नम्रता आपणांस इतकी सहज आली, ती आनंदाच्या दिवशीं कां सुटावी?

प्रत्येक पॅरिशमध्यें असे कांहीं जण असतातच. पहांटे उठून देवालय झाडणारी एखादी म्हातारी, वेदीवरचीं वस्त्रें धुणारी एखादी भगिनी, मुलांस प्रश्नोत्तरी शिकवितां शिकवितां आवाज बसलेला एखादा मास्तर, दवाखान्यांत परक्या रोग्याच्या उशाशीं रात्र काढणारा एखादा तरुण. स्मरणिकेच्या पानांवर त्यांचीं नांवें येतीलच असें नाहीं. संत गोन्सालो त्यांचा आहे. आणि ज्यांचें मन एखाद्या नकारामुळें दुखावलें आहे, ज्यांस हवी ती जागा मंडळींत मिळाली नाहीं, ज्यांनीं कांहीं जुन्या वादामुळें देवळाकडे पाठ फिरविली आहे, त्यांचाही तो आहे. कारण त्यानें नकार सोसला, व त्याच नकाराच्या वाटेनें देव त्यास आपल्याजवळ घेऊन गेला.

तेव्हां या ज्युबिलीच्या वर्षीं एवढाच निश्चय करूं या : देव जी जागा दाखवील ती आपली. ती व्यासपीठावर असो कीं चुलीपाशीं असो, तिला गुडघे टेकून मिठी मारूं. हे प्रभु येशू, तूं शिष्यांचे पाय धुतलेस. तुझा सेवक गोन्सालो यानें महारोग्यांची सेवा केली. त्याच्या मध्यस्थीनें आमच्या मंडळीचे कलह मिटव, आमच्या अंगचा गर्व उतरव, आणि तुझ्या लहानांतल्या लहान लेंकराची सेवा करण्यांत आमचा खरा मान आहे हें आम्हांस शिकव. आमेन.